मुंबई टाकसाळीचे ट्रेड डॉलर म्हणून नकली नाणी खपवली जातायत, चॉपमार्कवाली नाणी घेणाऱ्यांनी जरूर वाचा

मंडळी, मोठी चांदीची नाणी जमवणारे जे कोणी आहेत, थेलर, आठ रियाल, मॉर्गन डॉलर वगैरे, त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मला ज्या माणसाने गंडवलं त्याची पद्धत इतकी बसलेली होती की हे तो बऱ्याच जणांबरोबर करत असणार.

माझा जीव ब्रिटिश ट्रेड डॉलरवर आहे. १८९५ ते १९३५ या काळातलं नाणं, २६.९५ ग्रॅम, ९० टक्के चांदी, ३९ मिलिमीटर. हाँगकाँग, सिंगापूर, चीनकडच्या व्यापारासाठी काढलेलं, पण त्यातली बहुतेक पाडली आपल्या मुंबईच्या टाकसाळीत, फोर्टात रिझर्व्ह बँकेजवळ जी आहे तीच. एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी ब्रिटानिया, मागे जहाज, दुसऱ्या बाजूला मधोमध चिनी अक्षर. मुंबईचं असेल तर त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीक इंग्रजी बी (B) खोदलेला असतो, भिंग लावल्याशिवाय सापडत नाही. इथे पाडून बोटीने तिकडे गेलं आणि तिकडच्या व्यापाऱ्यांनी, सराफांनी चांदी पारखून त्यावर आपापले शिक्के ठोकले, त्यालाच चॉपमार्क म्हणतात. काही जण असं नाणं खराब झालं म्हणून सोडून देतात, मला मात्र तेच जास्त मोलाचं वाटतं.

हा माणूस मला नाण्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटला. म्हणाला, दादा, आमचे पणजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी होते, हाँगकाँगच्या फेऱ्या करायचे, त्यांच्या ट्रंकेत ही नाणी निघाली. आता कोकणातली माणसं पिढ्यान् पिढ्या बोटींवर गेलेली आहेत, त्यामुळे ही गोष्ट अगदी पटण्यासारखी होती आणि त्याने ती मुद्दाम तशीच रचली होती. आधी एकच नाणं दिलं, १९०२ चं, बाजारभावाने. मी ते घरी सगळ्या बाजूंनी तपासलं, शंभर टक्के खरं. माझ्या मते या सगळ्या प्रकारात हेच सगळ्यात वाईट, पहिलं खरं नाणं हेच त्याचं आमिष होतं.

मग काही आठवड्यांनी फोन, घराच्या वाटण्या चालल्यात, भावाला हिस्सा द्यायचाय, उरलेली चार एकदम घेता का, ४२ हजारात देतो. व्हिडिओ कॉलवर त्याने प्रत्येक नाणं काट्यावर ठेवलं, मॅग्नेट लावून दाखवला, कडा फिरवून दाखवल्या, सगळं बरोबर, मी यूपीआयने पैसे पाठवले. पार्सलमध्ये नाणी प्लास्टिकच्या कॅप्सूलमध्ये टेप लावून बंद केलेली आणि वर त्याचा मेसेज की दादा उघडू नका, हवा लागली की टोनिंग, म्हणजे चांदीवर चढलेली जुनी रंगछटा, बिघडतं.

टेप काढला आणि भिंगाखाली धरलं तर १८९९ आणि १९०८ या दोन नाण्यांवर तेच तीन चॉप, त्याच जागी, तेवढेच तिरके. चॉप हाताने ठोकतात हो! दोन वेगवेगळ्या वर्षांच्या नाण्यांवर ते असे जुळणं शक्यच नाही, एकाच खऱ्या नाण्यावरून डाय (नाणं पाडायचा ठसा) बनवली की मगच असं होतं. शिवाय चॉप खोल ठोकला असेल तर पाठीमागे त्याच जागी नक्षी थोडी चेपलेली दिसते, इथे मागची बाजू एकदम साफ. त्रिशुळावर बी नव्हताच, नुसता गोळा.

वजन मात्र २६.८ ग्रॅम! मॅग्नेट चिकटत नाही, कारण आत तांब्या-निकेलसारखा मिश्रधातू आणि वर चांदीचा मुलामा. सराफाकडे एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातू तपासणारं) टंच बघितला तर चांदी चांगली दाखवली, कारण ते मशीन वरचाच थर वाचतं, कडेला कानस मारल्यावर आतला रंग बाहेर आला. म्हणून सांगतो, पाण्यातली परीक्षा घ्या, घरी होते. ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जे दाखवतो ते नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन, त्यावरून नाण्याचं आकारमान कळतं. खऱ्या ट्रेड डॉलरला काटा २.६ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. माझ्याकडच्या नकलींना ३.० आला. वजन जुळवता येतं, पण वजन आणि आकारमान दोन्ही एकदम जुळवणं तांब्या-निकेलसारख्या मिश्रधातूला जमत नाही.

आणि व्हिडिओतलं नाणं तेच पार्सलमध्ये येईल असं अजिबात धरू नका. मी कॉलचं रेकॉर्डिंग परत बघितलं, त्यातली चारही नाणी खरी आहेत, फक्त ती मला पाठवलेलीच नाहीत. एवढे पैसे लावायचे असतील तर समोरासमोर भेटा, तिथेच पाण्यात बुडवून बघा आणि मग पैसे द्या, जो विकणारा याला नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊच नका.

त्याने मला ब्लॉक केलं. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पोलीस स्टेशनला नकली नाणी नेऊन दाखवली. खातं तिसऱ्याच कोणाच्या नावावर निघालं आणि पैसे तोवर पुढे गेलेले. असं कोणाबरोबर झालं तर १९३० वर लगेच फोन करा, पैसे खात्यातच असतील तर ते अडवता येतात, उशीर झाला की हातात काही राहत नाही.

आता तीच खरी नाणी दुसऱ्या नावाने, दुसऱ्या नंबरवरून परत विकायला आलीत, यावेळी गोष्ट पणजोबांची नाही तर मामांची आहे. ओळखायची खूण सांगतो, त्यातलं १९११ चं जे आहे त्याच्या कडेला ब्रिटानियाच्या ढालीच्या बाजूला एक खाच आहे आणि जहाजाच्या शिडावर एक लहान गोल चॉप आहे. हा फोटो कोणाला आला तर पैसे पाठवू नका आणि तो नंबर मला कळवा, मी माझ्या तक्रारीत जोडतो.