मधुमेहींसाठी मापाचे बूट, वर्षभरानंतर: बूट टिकला, इनसोल गेला

बाबांच्या अंगठ्याखालची जखम भरल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेले हे बूट. वर्ष होत आलं. कातडं, शिवण, वेल्क्रो सगळं धडधाकट. तरी गेल्या महिन्यात त्याच जागी घट्टा धरला आणि त्याच्या आत काळपट लाल डाग दिसला. घट्ट्याखाली रक्त साकळलं की जखम उलटायला वेळ लागत नाही. डॉक्टरांनी तो लगेच तासला म्हणून वाचलो.

दोष निघाला इनसोलमध्ये, म्हणजे बुटाच्या आतल्या मऊ तळात. बाहेर काढून दाबून पाहिला, तर नेमका अंगठ्याखाली पापडासारखा चपटा! चालताना सगळ्यात जास्त भार तिथेच येतो, म्हणून फोम आधी तिथेच बसतो. पायाची संवेदना तपासायला डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉन तंतू टेकवतात, बाबांच्या तळव्याला त्याचा स्पर्शही कळत नाही. बूट टोचतोय असं ते कधीच सांगणार नाहीत. इनसोलवर हात फिरवायचा तो घरच्यांनीच.

दुकानात नुसता इनसोल मागितला, तर उत्तर मिळालं, ‘पूर्ण जोड घ्यावा लागेल.’ का? चांगला बूट टाकून द्यायचा? बरीच वादावादी झाल्यावर जुन्याच साच्यावरून नवा इनसोल करून मिळाला. तोवर बाजारातला जेलचा इनसोल वर टाकायचा सल्लाही मिळाला होता. तो टाकला असता तर पाऊल वर उचललं जाऊन बोटं घासली असती.

रॉकर सोलबद्दल मात्र माझं मत बदललं. सुरुवातीला बाबा डगमगायचे, मला तो नकोसा वाटायचा. पण पुढे वळलेल्या त्या कडक तळामुळे पाऊल बोटांपाशी न वाकता पुढे जातं आणि चवड्यावरचा दाब कमी होतो. ज्यांचा तोल आधीच जातो, त्यांनी काठी घ्यावी.

बूट जड, म्हणून बाबा घरात काढून ठेवतात. पण दिवसभराची बरीचशी पावलं घरातच पडतात. नेदरलँड्समध्ये १७१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तळव्याखालचा दाब मोजून सुधारलेल्या बुटांचा सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांची किमान ८० टक्के पावलं बूट घालून पडली, त्यांच्यात मात्र १८ महिन्यांत जखम उलटण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्के होतं. न सुधारलेले बूट तितकेच वापरणाऱ्यांत ४८. म्हणून आता त्याच साच्यावर घरात घालायला हलकी, मागे पट्टा असलेली चप्पल करायला टाकली आहे. यावेळी इनसोल सुटा मिळेल, हे पावतीवर लिहून घेतलंय.