चेपलेल्या रिमचा फोटो

भाड्याच्या बाइक घेऊन मित्रांबरोबर लांबच्या ऑफरोड ट्रिपला निघणार असाल, तर आमच्याबरोबर काय झालं ते जरूर वाचा. आम्हाला रस्त्यात कुणी लुबाडलं नाही. ट्रिप उत्तम झाली, गाड्या वेळेत परत केल्या, सगळे सुखरूप घरी पोचलो आणि फसवणूक त्यानंतर सुरू झाली.

गाड्या परत दिल्या तेव्हा भाड्याने देणाऱ्या माणसाने प्रत्येक गाडीभोवती एक चक्कर मारली. "वरून तर सगळं ठीक दिसतंय. पण चिखल वाळलाय, धुतल्याशिवाय खालचं कळायचं नाही. मेकॅनिकला दाखवतो आणि लगेच डिपॉझिट सोडतो," असं म्हणाला. ऑफरोडवरून आलेल्या गाडीला चिखल असणारच, त्यामुळे त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. बऱ्याच दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. पुढच्या चाकाची रिम, तिच्या कडेला अंगठा मावेल एवढा खोल चेपा. खाली हिशेब: नवी रिम, स्पोक, फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) सरळ करण्याची मजुरी, त्याच गाडीच्या क्लच प्लेट, शिवाय बाकीच्या गाड्यांच्या चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चक्रं). बेरीज आमच्या सगळ्यांच्या मिळून डिपॉझिटइतकी, ना कमी ना जास्त. खरं नुकसान कधी असं डिपॉझिटच्या मापाने होत नाही, म्हणून खटकलं तिथेच.

पण खटकून उपयोग नव्हता, कारण तोवर त्या फोटोने आमच्यात आपलं काम सुरू केलं होतं. ऑफरोडला पडणं हा ट्रिपचाच भाग असतो. वाळूत पुढचं चाक रुततं, दगडगोट्यांच्या उतारावर गाडी हातातून सुटते, ओढा ओलांडताना पाण्याखालचा दगड दिसत नाही. त्यातून आम्ही वाटेत गाड्यांची अदलाबदल केलेली. त्यामुळे फोटो बघितल्यावर प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार: हे कुणाच्या हातून झालं असेल? आमच्यातला सगळ्यात नवखा मित्र एका ओढ्यात त्या गाडीवरून पडला होता. त्याचं नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं आणि त्यालाही ते कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने कुणालाही न विचारता बाकीच्यांच्या डिपॉझिटचे पैसे स्वतःच्या खिशातून पाठवून दिले.

या फसवणुकीचा सगळा डाव इथे आहे. शहरातल्या रस्त्यावर स्कूटर भाड्याने घेतली आणि कुणी असा फोटो दाखवला, तर माणूस ताडकन म्हणतो, मी कुठे धडकलोच नाही. ऑफरोडवरून आलेला रायडर तसं छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आपण पडलो होतो, हे त्याला स्वतःला माहीत असतं. त्यामुळे पुरावा मागण्याऐवजी तो आठवणी चाळत बसतो आणि ग्रुप असला की एकमेकांकडे बघायला लागतो. मला पैसे गेल्याचा राग आहेच, पण एका सरळ मुलाला मित्रांपुढे मान खाली घालायला लावली, याचा राग जास्त आहे.

उलगडा झाला तो टायरमुळे. आमच्यातल्या एकाला गाडी दुरुस्तीच्या अवजारांची हौस आहे. ट्रिपच्या मध्यावर त्याच गाडीचा पुढचा टायर धारदार दगडाने बाजूने चिरला होता. पॅच लावून पुढे जाण्यासारखी स्थिती नव्हती, म्हणून वाटेत मिळाला तो नवा टायर घेतला आणि रस्त्याच्या कडेलाच बदलला. टायर लिव्हर लावून जुना काढला, ट्यूब काढली, रिमची पट्टी नीट बसवली आणि नवा चढवायच्या आधी त्याने सवयीने रिमच्या आतून बाहेरून बोट फिरवलं, कारण कुठे धार आली असेल तर नवी ट्यूबही फाटते. रिम साफ होती. हे सगळं चालू असताना दुसऱ्याने फोटो काढून ठेवले होते, तेही निव्वळ आठवण म्हणून.

आता आलेला फोटो मोठा करून बघितला. त्यातल्या टायरच्या गुट्ट्या, म्हणजे पकडीसाठीचे रबरी उंचवटे, झिजून गोल झाल्या होत्या. आम्ही बसवलेल्या टायरच्या गुट्ट्या ताज्या, कडा टोकदार, नक्षीही वेगळी. त्याहून पक्की गोष्ट टायरच्या बाजूला छापलेली होती. टायरच्या भिंतीवर DOT (डॉट) या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन म्हणजे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. फोटोत २३१९ स्पष्ट वाचता येत होतं, म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. आम्ही परत केलेल्या गाडीवरचा टायर त्यापेक्षा कितीतरी नवा होता आणि त्याचे आकडे आमच्या फोटोत होते. म्हणजे आम्हाला दाखवलेलं चाक आमच्या गाडीवर परत करताना नव्हतंच. तो फोटो जुना होता, किंवा चेपलेलं एक चाक दाखवायला म्हणून बाजूला ठेवलेलं होतं. (हे आकडे कधीकधी टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा दोन्ही बाजूंचा फोटो घ्या.)

टायर बदलला नसता तरी फोटोत शंका घ्यायला जागा होती. ऑफरोडला पकड मिळावी म्हणून टायरमधली हवा कमी ठेवतात. अशा टायरने दगडावर इतका जोरात मार खाल्ला की रिम आत जाईल, तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाऊन बहुतेक वेळा तिला शेजारी शेजारी दोन छिद्रं पडतात. आमच्या गाडीची पुढची हवा टायर बदलल्यापासून शेवटपर्यंत टिकली होती. क्लचचंही तेच. क्लच प्लेट जळल्या असतील तर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, पण गाडी त्या प्रमाणात पळत नाही. परतीचा सगळा हायवे त्या गाडीने भरलेल्या सामानासकट व्यवस्थित ओढला होता. आणि चेन, स्प्रॉकेट, ब्रेक पॅड हे झिजणारेच भाग आहेत. त्यांची झीज भाड्यातच धरलेली असते, ती नुकसान म्हणून ग्राहकाकडून वसूल करायची नसते.

करारात काय होतं तेही सांगतो, कारण जाळं तिथेच विणलेलं होतं. सगळ्या गाड्यांचा मिळून एकच करार केला होता, एकाच्या सहीने. "कागदपत्रं सोपी होतात," असं सांगितलं होतं. त्याचा अर्थ हा की एका गाडीचं नुकसान दाखवून सगळ्यांचं डिपॉझिट अडवता येतं. करार नेहमी गाडीगणिक वेगळा मागा. दुसरं कलम तर संतापजनक होतं: विम्याचं संरक्षण फक्त डांबरी रस्त्यावर लागू. गाडी ऑफरोडची म्हणून भाड्याने दिली, खाली बॅश प्लेट (इंजिनला दगडांपासून वाचवणारा पत्रा), टायर गुट्ट्यांचे, आणि विमा कच्च्या रस्त्यावर उतरलं की संपला! अशी कलमं भाड्याच्या करारांत सर्रास असतात, त्यामुळे सही करण्याआधी "कच्चा रस्ता", "पाण्यातून नेणं" आणि "पडणं" या गोष्टींबद्दल काय लिहिलंय ते शोधून वाचा. थर्ड पार्टी विमा फक्त समोरच्याचं नुकसान भरून देतो. भाड्याच्या गाडीचं स्वतःचं नुकसान झालं तर त्याचा उपयोग नाही.

गाडी ताब्यात घेताना समोरचा घाई करतो. उन्हं चढतील, उशीर होईल, पुढचा टप्पा लांब आहे वगैरे. ती घाई त्याच्या सोयीची असते. गाडी धुतलेली नसेल तर धुवायला लावा, कारण जाताना चिखलाखाली झाकलेलं परत आल्यावर तुमच्या नावावर चढतं. व्हिडिओ एकाच सलग शॉटमध्ये घ्या आणि सुरुवात चासी नंबर आणि ओडोमीटरपासून करा, म्हणजे गाडी कोणती यावर वाद राहत नाही. मग खाली वाका. बॅश प्लेटला नवा रंग मारलेला असेल तर रंगाखालचे ओरखडे आणि वाकलेल्या कडा कॅमेऱ्यात जवळून घ्या. इंजिनच्या कव्हरवर गळती बुजवायला सीलंट फासल्याची खूण आहे का, तिथे तेल पाझरतंय का ते बघा. पुढचं चाक दोघांनी मिळून अधांतरी करा, फोर्कला पेन टेकवून त्याचं टोक रिमच्या जवळ धरा आणि चाक सावकाश फिरवा. रिम डोलत असेल तर पेन आणि रिममधलं अंतर कमीजास्त होताना व्हिडिओत स्पष्ट दिसतं. फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. तेलाचा ओघळ असेल तर सील आधीच गेलेली आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढा. ती उचलून अर्धा दात उघडा पडला तर चेन तुमच्या आधीच संपलेली आहे. हा व्हिडिओ तिथेच उभं राहून त्याच माणसाला पाठवा, म्हणजे तारीख आणि वेळ त्याच्याही फोनमध्ये राहते. परत देतानाही हेच सगळं करा आणि "धुऊन सांगतो" म्हणाला तर धुवून होईपर्यंत थांबा. लांबच्या ट्रिपनंतर अंग मोडलेलं असतं, घरची ओढ लागलेली असते, हे त्याला पक्कं माहीत असतं.

नंतर फोटो आलाच तर मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो कधी काढला ही आतली माहिती पुसली जाते. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर टिकते. आम्ही मागितली तेव्हा "फोन बदलला" हे उत्तर मिळालं. काढलेला खराब भाग मागा, मेकॅनिकचं बिल मागा, आणि ग्रुपमध्ये एकमेकांना जाब विचारायच्या आधी हे मागा.

आमच्या टायरचे फोटो पाठवल्यावर त्याने आधी "चुकून दुसऱ्या गाडीचा फोटो आला" असं सांगितलं. बरोबर फोटो पाठव म्हटलं, तो काही आला नाही. शेवटी रिम, स्पोक आणि फोर्कचे पैसे परत केले. आम्ही आमच्या मित्राने भरलेली सगळी रक्कम त्याला परत पाठवली आणि सगळे त्याच्या घरी जाऊन बसलो. क्लच आणि चेनचे पैसे मात्र गाडीवाल्याने अजून सोडलेले नाहीत. आमच्यातल्या ज्यांनी डिपॉझिट खात्यातून थेट पाठवलं होतं, त्यांच्या हातात तक्रार करण्यापलीकडे फारसं काही नाही. ज्याने क्रेडिट कार्डावर दिलं होतं, त्याने बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल हरकत नोंदवली आहे. सोबत करार, दोन्ही टायरचे फोटो, व्हॉट्सॲपवरचं पूर्ण संभाषण आणि "चुकून दुसऱ्या गाडीचा फोटो आला" हा त्याचा मेसेज जोडलाय. अशी हरकत ठरलेल्या मुदतीतच घेता येते, आणि "मेकॅनिकला दाखवतो" म्हणत दिवस काढण्यामागे तीही मुदत संपवायचा हेतू असू शकतो. त्यामुळे कार्डावर पैसे दिले असतील तर गाडीवाल्याच्या उत्तराची वाट बघत बसू नका, बँकेला लगेच कळवा.