पत्रादेवी ते पोळे: महामार्ग ६६ च्या गोव्यातील सेवेचे परीक्षण

पनवेलहून कन्याकुमारीला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ चा सुमारे १४० किलोमीटरचा पट्टा गोव्यातून जातो. पेडण्यातील पत्रादेवीला तो राज्यात शिरतो आणि काणकोणातील पोळे येथे कर्नाटकाच्या हद्दीला लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाख लोकसंख्येच्या या किनारी राज्यात वाहनांची संख्या आता माणसांच्या बरोबरीला येऊन ठेपली आहे, आणि दोन विमानतळ, वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ (गोमेकॉ) यांचा सारा भार याच एका रस्त्यावर पडतो. गेल्या दहाएक वर्षांत त्याच्या रुंदीकरणावर झालेला खर्च पाहता, एक सार्वजनिक सेवा म्हणून त्याचे मूल्यमापन करणे रास्त ठरेल. माझे मत आधीच सांगतो: नद्या ओलांडण्याची सोय या नियोजनाने उत्तम केली आहे, रस्त्याकाठच्या गावकऱ्याला पलीकडच्या बाजूला सुखरूप पोचवण्याचा विचार मात्र त्यात फार उशिरा आणि फार थोडा झाला आहे.

जुवारी नदीवरचा नवा पूल हे या मार्गाचे सर्वांत यशस्वी काम होय. १९८३ चा जुना पूल थकला होता, अवजड वाहनांना त्यावर बंदी होती, आणि सकाळच्या वेळी कुठ्ठाळीपासून आगशीपर्यंत लागणारी रांग हा दक्षिण गोव्यातील नोकरदारांच्या दिनक्रमाचाच भाग झाला होता. २९ डिसेंबर २०२२ रोजी तारांनी तोललेल्या नव्या पुलाच्या एका बाजूचे, आणि पुढच्या वर्षअखेरीस दुसऱ्या बाजूचे उद्घाटन झाल्यावर आठ पदरांचा रस्ता उपलब्ध झाला. सासष्टी किंवा मुरगावातून रुग्णाला बांबोळीला नेणाऱ्या कुटुंबाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. दुचाकींनाही येथे मज्जाव नाही. पुलावर प्रेक्षणीय बुरूज उभारण्याची जी योजना आहे, तिची घाई मला तरी वाटत नाही. वास्को आणि मडगाव या दोन्ही दिशांची वाहतूक जेथे एकत्र येते त्या कुठ्ठाळीच्या टोकाला अगोदर लक्ष मिळावे.

मांडवी नदीची कथा अधिक बोधप्रद आहे. तिच्यावरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि १९९२ मध्ये दुसरा पूल होईपर्यंत पणजी व बार्देश यांच्यातील माणसांची ने-आण प्रामुख्याने फेरीबोटींवर अवलंबून राहिली. त्या अनुभवामुळेच आज तेथे दोन समांतर पूल आणि त्यांच्या डोक्यावरून जाणारा, पोहोचरस्त्यांसह पाच किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा अटल सेतू अशी तिहेरी व्यवस्था आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेतूने पणजी टाळून जाणाऱ्याचा वेळ निश्चितच वाचवला, तरी त्यावर दुचाकी आणि रिक्षा यांना बंदी आहे. वेगाच्या वाऱ्यात उंचावरून दुचाकी नेण्याचा धोका समजण्याजोगा असला, तरी ज्या राज्यात स्कूटर हे घरातले पहिले वाहन असते तेथे पुलाचा आराखडा करतानाच दुचाकींसाठी संरक्षित पदर ठेवता आला असता. सारे दुचाकीस्वार त्यामुळे खालच्या पुलांवर आणि पणजीतील पाटो भागाच्या गर्दीत कोंबले गेले. रस्ते अपघातांत दरवर्षी अडीचशेहून अधिक जीव गमावणाऱ्या आणि त्यांत दुचाकीस्वारांचेच प्रमाण मोठे असणाऱ्या राज्यात ही गोष्ट किरकोळ म्हणता येणार नाही. अवघ्या चार वर्षांत, २०२३ मध्ये, डांबरी थराच्या दुरुस्तीसाठी हा सेतू बंद ठेवावा लागला, हेही नोंदवले पाहिजे.

कामांचा क्रम चुकला की काय होते, हे पर्वरीत दिसते. सेतूने वाहने वेगाने उत्तरेकडे आणून सोडली ती थेट पर्वरीच्या बाजारपेठेत, आणि तेथील सुमारे पाच किलोमीटरच्या उन्नत मार्गाचे काम त्यानंतर काही वर्षांनी हाती घेण्यात आले. दोन्ही कामे एकाच आराखड्याचे दोन भाग म्हणून व्हायला हवी होती. खांबांचे काम चालू असताना सेवा रस्ता हाच मुख्य रस्ता झाला. बसथांबा आज एका दुकानासमोर तर उद्या दुसऱ्या, आणि पावसात छत्री धरून उभ्या असलेल्या प्रवाशाच्या पायाशी गटाराची एक फरशी सरकलेली, दुसरी गायबच. खाप्रेश्वर देवस्थानाचा जुना वड २०२५ मध्ये याच कामासाठी हलवण्यात आला तेव्हा लोकांचा जो संताप उसळला, तो केवळ श्रद्धेपोटी होता असे मानणे सोयीचे आहे, खरे नाही. आराखडा कागदावर पक्का होईपर्यंत गावाला कोणी विचारात घेत नाही, हा अनुभव त्यामागे होता. फोंडा मार्गावरच्या भोम गावातील रहिवाशांची तक्रारही हीच आहे.

पेडणे भागात रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे, मोपा विमानतळाकडे जाणारा धारगळचा जोडरस्ता तर नेत्रसुखदच. मात्र वर जांभा दगड आणि खाली भिजली की सरकणारी शेडी माती अशा डोंगराला जवळजवळ उभा काप देऊन, वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात तो तसाच उभा राहील अशी अपेक्षा का धरली, हे कळत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मालपे येथे संरक्षक भिंत ढासळली. उतार अधिक तिरका ठेवायचा तर जमीन जास्त लागते, पण दरड उपसण्याचा दरवर्षीचा खर्चही कोणाच्या तरी खिशातूनच जातो.

मडगावच्या पश्चिम बगलमार्गाचा वाद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साळ नदीच्या सखल खोऱ्यात मातीचा भराव टाकून रस्ता उंचावला की तो धरणासारखा पाणी अडवतो. त्यात मोऱ्या कितीही बसवल्या तरी मुसळधार पावसात त्या केरकचऱ्याने तुंबतात आणि वरच्या बाजूची शेते दिवसेंदिवस बुडून राहतात. म्हणून बाणावली परिसरातील लोकांनी हा भाग खांबांवर उभारण्याची मागणी लावून धरली. खांबांचा खर्च अधिक, हे मान्य. परंतु बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) यांच्या आधाराने शतकानुशतके पाण्याचे गणित सांभाळणाऱ्या खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनींच्या, या प्रदेशात पाण्याला वाट ठेवणे ही रस्त्याची स्वतःचीच गरज आहे. कोकण रेल्वेच्या वेळी हीच चर्चा झाली होती, तरी प्रत्येक नव्या प्रकल्पात ती पहिल्यापासून सुरू करावी लागते.

काणकोणात मात्र समाधान वाटते. नोव्हेंबर २०१९ मध्ये खुला झालेला, चार रस्ता ते माशे असा पावणेआठ किलोमीटरांचा बगलमार्ग तळपण आणि गालजीबाग या नद्या ओलांडून सरळ निघतो आणि जुन्या वळणावळणाच्या रस्त्याचा त्रास वाचवतो. त्याच्या अलीकडचा करमल घाट अजून अरुंदच आहे आणि तेथे अवजड ट्रकमागे अडकले की ओव्हरटेक करण्याची जागा मिळत नाही. दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी पावसाळ्यात हा घाट उजेडी ओलांडावा, आणि पर्वरीमार्गे विमानतळ गाठणाऱ्यांनी काम संपेपर्यंत हाताशी तासभर जादा ठेवावा.