राजवाड्यामागची खानावळ आणि अनामतीचा डबा

साताऱ्यात राजवाड्यामागच्या बोळात एक लहानशी खानावळ आहे. तिथला अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी उत्तम असतेच. परंतु मला लिहायचे आहे ते पार्सलसेवेविषयी, कारण पार्सलच्या प्लास्टिक डब्यांचा कचरा रोखणे, जे कायद्याला अद्याप पुरते साधलेले नाही, ते या खानावळीने आपल्यापुरते साधले आहे.

महाराष्ट्र शासनाने 2006च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याखाली 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पिशव्यांबरोबरच हॉटेलातील पदार्थ बांधून देण्याचे एकदाच वापरायचे डबेही बंदीत आले, आणि पहिल्या गुन्ह्याला 5,000, दुसऱ्याला 10,000 व तिसऱ्याला 25,000 रुपये दंड आणि तीन महिने कैद अशी तरतूद झाली. तरीही अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर कठड्याखाली पाहिले, तर रश्श्याने माखलेले तेच डबे झुडपांत अडकलेले दिसतात आणि जीव तुटतो. विक्रेत्यावर छापा घालता येतो; काळोखात डबा भिरकावणारा सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

याच अधिसूचनेत दुधाची रिकामी पिशवी परत केल्यास ग्राहकाला किमान 50 पैसे देण्याची तरतूद होती. मला ती दंडाहून अधिक शहाणपणाची वाटते, आणि खानावळीच्या मालकांनी नेमके तेच तत्त्व उचलले आहे. 200 रुपये अनामत घेऊन ते स्टीलचा तीन खणांचा डबा देतात, झाकणावर कोरलेला क्रमांक वहीत टिपतात आणि डबा परत येताच पूर्ण रक्कम हातावर ठेवतात. घरचा डबा नेल्यास अनामतही लागत नाही. भाकऱ्या सुती फडक्यात बांधलेल्या असतात. त्यामुळे त्यांना वाफेचे पाणी सुटत नाही, हा वेगळाच लाभ.

उणिवा दोनच, पण त्या त्रासदायक आहेत. काही झाकणांचे रबर सैल झाल्याने दुचाकीच्या हुकाला अडकवलेल्या डब्यातून रस्सा गळतो; ही रबरे वेळच्या वेळी बदलायला हवीत. शिवाय कासला किंवा महाबळेश्वरला निघालेल्या प्रवाशाला डबा परत करायला पुन्हा बोळात शिरणे गैरसोयीचे ठरते. एसटी स्टँडजवळच्या एखाद्या दुकानात डबे परत घेण्याची सोय झाली, तर अशा प्रवाशांनाही ही सेवा निःसंकोच सुचवता येईल. सातारकरांनी मात्र ती आजच वापरून पाहावी.