इन्स्ट्रुमेंट एअर किती लागेल: ठोकताळा की डेटाशीट?

गोव्यातल्या वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नवीन प्लांट टाकायचा म्हटलं की कंप्रेसरवाला पहिलंच विचारतो, इन्स्ट्रुमेंट एअर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि उपकरणं चालवणारी कोरडी दाबाची हवा, किती लागणार? सोपा मार्ग ठोकताळ्याचा, दर कंट्रोल व्हॉल्व्हमागे (प्रवाह कमी-जास्त करणारा) ताशी साधारण 1.7 घनमीटर धरायचे, 40 व्हॉल्व्ह असले की 68, झालं काम. ड्रॉइंग अर्धवट असताना हेच बरं पडतं.

पण ऑन-ऑफ व्हॉल्व्हलाही (जो फक्त पूर्ण उघडतो किंवा पूर्ण बंद होतो) तोच आकडा लावला की गडबड, कारण तो हलतो तेव्हाच हवा खातो. स्प्रिंग रिटर्न ॲक्च्युएटरचा (व्हॉल्व्ह हवेने हलवणारा, स्प्रिंगने परत आणणारा भाग) 5 लिटरचा सिलिंडर 5 बार गेजला (वातावरणापेक्षा 5 बार जास्त दाबाला) भरायला साधी, म्हणजे वातावरणाच्या दाबाची, हवा लागते साधारण 30 लिटर, तासाला एकदा हलला तर कुठे 30 लिटर आणि कुठे ठोकताळ्याचे 1.7 घनमीटर, म्हणजे 1700 लिटर! उलट पोझिशनर (कंट्रोल व्हॉल्व्ह हव्या त्या जागी धरणारं उपकरण) बहुतेक वेळा गप्प बसूनही थोडी हवा सोडतच असतो, तो आकडा उत्पादकाच्या डेटाशीटमध्येच सापडतो. डोकेफोड आहे, पण ऑर्डर देण्याआधी मी तरी डेटाशीटचीच बेरीज करेन.

आणि हवेतला ओलावा काढणारा ड्रायर विसरू नका हां, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर अजिबातच नाही, हीटलेस डेसिकंटवाला (ओलावा शोषणारे दाणे उष्णतेशिवाय, कोरड्या हवेनेच सुकवणारा) घेतलात तर क्षमतेच्या 15 टक्क्यांच्या आसपास हवा तो स्वतःच पर्जमध्ये, म्हणजे ते दाणे सुकवण्यात, उडवतो, गळती वेगळी धरायची.