स्पोकन इंग्लिश: क्लास लावावा की व्हिडिओ लावून नक्कल करावी?

ज्यांना व्याकरण बऱ्यापैकी येतं, वाचलेलं कळतं, मेल लिहिता येतो, पण फोनवर बोलायची वेळ आली की गाडी अडते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अगदी एबीसीडीपासून सुरुवात असेल तर प्रश्न वेगळा आहे.

मी दोन्ही करून पाहिलंय. आधी क्लास, मग व्हिडिओ, मधे काही काळ दोन्ही सोबत. गरज कामाची होती. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावदा पट्ट्यातली केळी आखातात जातात, आणि त्या कामाच्या ऑफिसात बाहेरचे फोन घ्यायचे तर इंग्रजीशिवाय भागत नाही.

क्लासने भीड चेपते, हे आधी मान्य करतो. चारचौघांत उभं करून बोलायला लावतात, आणि आजूबाजूचे सगळे आपल्याच पायरीवर असल्यामुळे कोणी हसत नाही. पैसे भरलेले असतात म्हणून जाणंही होतं. 'ही डोन्ट' म्हटलं की सर तिथल्या तिथे 'ही डझन्ट' करून घेतात. व्हिडिओ हे कधीच करणार नाही.

माझं मन फिरलं ते नोट्सवरून. आमच्या क्लासात प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली त्याचा उच्चार देवनागरीत लिहून द्यायचे. हेतू चांगला होता, सरांची मेहनतही खरी होती. पण देवनागरीत वाचताना आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन देतो, कारण मराठी आपण तसंच बोलतो. इंग्रजीत शब्दातला एक भाग उचलून धरतात आणि बाकीचे आवळून टाकतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये तो 'टॉ'वर सरकतो, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रॅ'वर. वहीत मात्र तिन्ही शब्द सपाट. महिनोन्महिने वहीतून वाचलेलं तोंडात बसलं की ते निघता निघत नाही.

याचा त्रास कुठे होतो ते सांगतो. केळ्यांच्या कंटेनरचं तापमान 13-14 अंशांच्या आसपास ठेवतात. फार खाली गेलं तर साल काळवंडते, वर गेलं तर माल वाटेतच पिकायला लागतो. आता वहीत 'थर्टीन' आणि 'थर्टी' लिहून बघा. फरक दिसतो शेवटच्या 'न'चा, आणि फोनवर तो 'न' हमखास बुडतो. मग पलीकडून विचारणार, 'वन थ्री ऑर थ्री झीरो?' पॅलेट (माल रचायच्या चौकटी) किती, तारीख कोणती, तिथेही तेच: फिफ्टीन की फिफ्टी, सिक्स्टीन की सिक्स्टी. आकडे सुटे करून सांगितले की काम भागतं. पण दर फोनला असं अडणं मला फार खुपायचं.

क्लासात विचारलं तर नियम मिळाला: 'टीन' असेल तर जोर शेवटी, 'टी' असेल तर सुरुवातीला. नियम बरोबर आहे. पण पुढे 'पॅलेट्स'सारखा सुरुवातीलाच जोर असलेला शब्द आला, तर 'थर्टीन'चा जोरसुद्धा बऱ्याचदा पुढच्या बाजूला येतो. मग ऐकणाऱ्याला भरवसा उरतो तो लांबवलेल्या 'ई'चा आणि नीट मिटवलेल्या 'न'चा. शिवाय अमेरिकन माणूस 'थर्टी' म्हणताना मधला 'ट' इतका मऊ करतो की तो 'ड'कडे झुकतो, आणि 'थर्टीन'मध्ये मात्र तोच 'ट' खणखणीत ठेवतो. हे फळ्यावर लिहून कसं शिकवणार? मला ते फक्त ऐकून आणि तसंच म्हणून आलं.

तसं बघितलं तर खान्देशातल्या माणसाला हे नवीन नाही. आमच्या घरी अहिराणी. घरात 'डोया', शाळेत 'डोळा'. 'य'चा 'ळ' करण्याचा नियम आम्हाला कोणी शिकवला नाही. गुरुजी बोलायचे, आकाशवाणी जळगाव लागलेलं असायचं, ऐकता ऐकता जीभ वळली. इकडे रावेर-सावद्याला कामावर आलो तर लेवा गणबोली, म्हणजे या भागातली दुसरी बोली, कानावर पडते, आणि हळूहळू तिचाही हेल उचलला जातो.

व्हिडिओच्या या पद्धतीला शॅडोइंग म्हणतात, दुभाष्यांच्या प्रशिक्षणातही ती वापरतात. खरं शॅडोइंग म्हणजे बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, न थांबता बोलत जाणं. मला सुरुवातीला ते झेपलं नाही, आणि बहुतेकांना झेपणार नाही असं वाटतं. शब्द निसटतात, मग आपण नुसतं पुटपुटत राहतो. त्यापेक्षा एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, त्याच चढउतारासह म्हणायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि दोन्ही लागोपाठ ऐकायचं. रेकॉर्डिंग टाळलं तर सगळं वाया, कारण बोलत असताना आपला आवाज आपल्याला बरोबरच वाटतो. यूट्यूबचा वेग 0.75 वर ठेवला तर चालतं. त्याहून खाली नेलं की आवाज ताणला जातो आणि लय मोडते, आणि आपण तर लयच शिकायला बसलेलो असतो.

व्हिडिओ असा निवडावा की बोलणाऱ्याचं तोंड जवळून दिसेल. 'व्हेसल' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'वीक' म्हणताना ओठांचा चंबू होतो. आपण दोन्हीकडे एकच 'व' वापरतो. 'पॅलेट', 'पोर्ट' यांच्या सुरुवातीच्या 'प'बरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली तर ती हलली पाहिजे. आपल्या मराठी 'प'ला ती जवळजवळ हलत नाही, म्हणून तिकडच्या काहींना तो 'ब' ऐकू येतो.

सिनेमे आणि मालिका मी सोडून दिल्या. मागे संगीत, दोघं एकावर एक बोलतात, शब्दांची टोकं ऐकूच येत नाहीत. मुलाखती बऱ्या. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम आहे, त्यात तोंड दिसत नाही, पण संवाद लिखित स्वरूपात मिळतो, त्यामुळे शंका राहत नाही. ब्रिटिश घ्यावं की अमेरिकन, यात फार अडकू नये. एक माणूस धरावा आणि काही महिने त्यालाच धरून राहावं. दोघांची सरमिसळ झाली की दोन्हीकडचं अर्धवट तोंडात बसतं.

आता उणी बाजू. व्हिडिओ प्रश्न विचारत नाही, त्यामुळे अचानक आलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची सवय त्यातून लागत नाही. वाक्यरचना चुकली तर कळायला मार्ग नाही. आणि घरात मोठ्याने बोलायला जागा लागते. आमच्या अमळनेरच्या आत्याबाई आल्या की दाराशी येऊन विचारणारच, 'हाऊ एकलाच काय बडबडी ऱ्हायना?' (हा एकटाच काय बडबडतोय?) गच्ची किंवा शेतातली खोली असेल तर प्रश्नच मिटला.

आखातातला खरेदीदार इंग्रजच असतो असंही नाही. बऱ्याचदा पलीकडे केरळचा किंवा फिलिपिन्सचा माणूस असतो. मग गोऱ्यांची नक्कल कशाला, असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. माझा अनुभव एवढाच की नक्कल करता करता माझा कान तयार झाला, आणि कान तयार झाल्यावर पलीकडचा कुठलाही असला तरी त्याचं बोलणं लवकर कळायला लागलं. 'वन थ्री ऑर थ्री झीरो' आता क्वचित ऐकावं लागतं.

ज्यांची चारचौघांत तोंड उघडायचीच हिंमत होत नाही त्यांनी आधी क्लासची एखादी छोटी बॅच करायला हरकत नाही. डेमो लेक्चरला बसलात तर दोन गोष्टी बघा: तासाभरात तुमच्या वाट्याला बोलणं किती येतं, आणि उच्चार देवनागरीत उतरवून देतात का. देत असतील तर ऐकून घ्या, पण वहीत उतरवू नका. बाकीच्यांना मी व्हिडिओच सुचवेन, सोबत संध्याकाळी फोनवर इंग्रजीत बोलायला एखादा मित्र.

पहिला व्हिडिओ कोणता लावावा असं विचाराल तर ब्रिटनच्या हवामान खात्याचा, म्हणजे मेट ऑफिसचा, रोजचा अंदाज लावा. निवेदक समोर उभा असतो, वाक्यं छोटी असतात, आणि उन्हाळ्यातल्या अंदाजात रात्रीचे 13 आणि दुपारचे 30 अंश कधीकधी एकाच व्हिडिओत सापडतात.