एक टायर, फक्त पुढच्या चाकाला

पानगळ अर्ध्यावर आली की मी दरवर्षी सायकल धुऊन-पुसून, साखळीला तेल देऊन कोपऱ्यात उभी करायचे. डोंगरातल्या वाटा पाचोळ्यानं भरल्या की खाली दगड आहे, मूळ आहे की खड्डा, काही कळत नाही. मागचं चाक घसरलं तर निदान सावरता येतं, पुढचं गेलं की माणूस थेट जमिनीवर. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, ओल्या पानांवरच्या एका साध्या वळणावर माझं डावं मनगट मोडलं. त्यानंतरचा अख्खा हंगाम मी खिडकीतून पानं गळताना बघत काढला. यंदा मात्र आठवड्यातून दोनदा बाहेर पडते आहे आणि घराजवळच्या, आजवर कधी वळलेही नव्हते अशा वाटा शोधते आहे. त्याचं बरंचसं श्रेय सहा आठवड्यांपूर्वी बसवलेल्या एका टायरला आहे.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही उंच, विरळ खुंटांची घडण कुणा एकीची मक्तेदारी नाही. मोठ्या टायर कंपन्यांपैकी बहुतेकींकडे या जातीचा एखादा तरी टायर असतोच. माझा २९ इंची, २.४ रुंदीचा आहे. कडेला ६१-६२२ असाही आकडा छापलेला असतो. ६१ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी आणि ६२२ म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. टायर घेताना मी हाच दुसरा आकडा जुळवून बघते. २९ इंची माउंटन बाइक आणि ७००सी म्हणून विकली जाणारी रोड सायकल, दोन्हींच्या रिमचा हा व्यास ६२२च असतो. इंचांवर विसंबलं तर हे लक्षातच येत नाही.

आता नॉबबद्दल, म्हणजे टायरवरच्या रबरी खुंटांबद्दल, कारण सगळा खेळ तिथे आहे. माझ्या जुन्या टायरचे मधले नॉब बुटके आणि दाटीवाटीचे होते. कोरड्या, घट्ट मातीवर तो छान पळायचा. पण ओल्या पाचोळ्यात पानं त्या फटींत दाबून बसायची, वर चिखलाचा लेप चढायचा आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत व्हायचा. निव्वळ चिखलासाठीचे टायर याच्या अगदी उलट, उंच आणि टोकदार खुंटांचे असतात. माझा नवा टायर या दोन्हींच्या मधला. खुंट उंच आहेत पण शेंडे कापलेले, आणि दोन खुंटांमध्ये माझं करंगळीचं टोक बसेल एवढी जागा. ओली पानं एकावर एक सरकतात, म्हणून वरच्या पानाला धरून उपयोग नसतो. हे खुंट थर भेदून खालच्या मातीला जाऊन भिडतात. आणि जागा मोकळी असल्यामुळे चाक वेगानं फिरलं की अडकलेला चिखल स्वतःच उडून जातो. चष्मा किंवा गॉगल लावाच. पुढे छोटं मडगार्ड नसेल तर तेही लावून घ्या.

रबराकडे मी पूर्वी लक्ष देत नसे. त्याचा कडकपणा शोर ए या मापात सांगतात आणि आकडा जितका मोठा तितकं रबर कडक. पन्नाशीच्या खालचं रबर मऊ समजायचं, सत्तरीच्या आसपासचं चांगलंच कडक. गारठ्यात रबर आणखी आखडतं, म्हणून उशिराच्या पानगळीत मऊ रबराचा फायदा उन्हाळ्यापेक्षा जास्त जाणवतो. बोटाच्या नखानं खुंट वाकवून बघितला तर तो हळूहळू परत सरळ होतो. ही हळू परतणारी रबरं दगडावर चिकटून राहतात, उसळत नाहीत.

पहिली परीक्षा मी मुद्दाम मनगट मोडलं त्याच वळणावर घेतली. वाट डावीकडे वळते, बाहेरच्या बाजूला उतार पडतो, आणि कडेच्या झाडांची सगळी पानं वाऱ्यानं नेमकी तिथेच येऊन साचतात. धाकटा भाऊ मागून येत होता. वळणाआधी मी थांबले तेव्हा तो म्हणाला, “ताई, उतरून चालत जा की, कोण बघतंय?” मी उतरले नाही. वळणाआधीच ब्रेक मारून वेग कमी केला, आत शिरल्यावर ब्रेक सोडून दिले, बाहेरच्या पॅडलवर वजन टाकलं, छाती थोडी हँडलवर नेली. पुढचं चाक हातभर सरकलं आणि मग जमिनीत काहीतरी रुतल्यासारखं थांबलं. ते जे ‘रुतणं’ हाताला कळलं, त्यासाठी मी हा टायर पुन्हा घेईन. त्या दिवशी मी वळण सात वेळा घेतलं, सातव्या वेळेला खांदे सैल सोडून.

पण सरकणं बंद होत नाही, हे नीट सांगितलं पाहिजे. सरकणं आधी कळतं आणि मग थांबतं, एवढाच फरक. ओल्या मुळांवर तर हा टायरही काही करू शकत नाही. गुळगुळीत, साल निघालेलं मूळ वाटेला तिरपं पडलेलं असेल तर मऊ रबर असो की कडक, चाक त्याच्या अंगानं घरंगळतं. तिथे मूळ काटकोनात ओलांडायचं, ब्रेकला हात लावायचा नाही, शक्य तर पुढचं चाक किंचित हलकं करायचं. पाचोळ्याखालची मुळं दिसत नाहीत म्हणून मी अनोळखी वाटेवर पहिली फेरी सावकाश करते आणि कुठल्या झाडाखाली काय आहे ते डोक्यात ठेवते. वाटेच्या अगदी काठाला जाड बुंधा दिसला की खाली मुळं असणारच असं धरून चालते.

हवेबद्दल माझी एक चूक दोन आठवडे चालू होती. घरात, २५ अंशांत, मी २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून निघायचे. बाहेर ५ अंश. तेवढ्या फरकानं टायरमधला दाब अडीच पीएसआयच्या आसपास उतरतो, कारण बंद हवेचा दाब तापमानाबरोबर घटतो. मी मात्र टायर ‘मऊ पडतो’ म्हणून त्यालाच दोष देत होते. आता सायकल अर्धा तास बाहेर ठेवते आणि मग गेज लावते. माझं वजन ६८ किलो. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरला गार हवेत मोजून पुढे २०, मागे २३ हे मला मानवतं. १८ला टायर वळणावर आडवा दबायला लागला आणि २४ला पाचोळ्यावरून तरंगायला लागला. एकेका पीएसआयनं बदलून एकाच वळणावर फिरून बघा. टायर बदलण्याइतका फरक नुसत्या हवेनं पडू शकतो. आधी हे करून बघा, मग पैसे खर्च करा.

बसवताना त्रास झाला. कड ताठ होती, साबणाचं पाणी लावून, अंगठे दुखेपर्यंत ढकलावी लागली. छोटी भोकं आतून बुजवणारं द्रव, सीलंट, १०० मिली घातलं. टायरच्या कडेवरच्या, फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाकडे बघायला विसरू नका. आणि उंच खुंटांमुळे फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभंग दांडा) आणि टायर यांच्यात चिखलाला जागा उरते का, ते आधी तपासा. माझ्या फोर्कमध्ये बोट सहज जातं. भावाच्या सायकलीत जात नव्हतं, म्हणून त्यानं हाच टायर अरुंद मापाचा घेतला.

तोटे आहेत. माझ्या काट्यावर हा १०३० ग्रॅम भरला, जुना ८६० होता. चढावर ते पायांना कळतं. डांबरी रस्त्यावर तो घोंगावतो, ओढल्यासारखा चालतो. उघड्या कातळावर वळताना उंच खुंट वाकतात आणि चाक क्षणभर डुलतं. ते मला आजही आवडत नाही. म्हणून हा टायर मी फक्त पुढे लावला आहे. मागे जुनाच, वेगानं पळणारा. मागचं थोडं घसरलं तरी चालतं, पुढचं घसरू नये. सहा आठवड्यांत मधल्या खुंटांच्या कडा झिजल्या आहेत. मऊ रबर वर्षभर वापरायची चीज नाही.

माउंटन बाइकिंगची एक जुनी शर्यत मला या दिवसांत हटकून आठवते. कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळच्या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ला ती पहिल्यांदा झाली. नाव ‘रीपॅक’, कारण खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाच्या हबमधल्या, म्हणजे मधोमधच्या भागातल्या, ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. तेव्हा कमजोर दुवा ब्रेक होता. आज डिस्क ब्रेकमुळे एका बोटानं चाक जागच्या जागी थांबतं आणि कमजोर दुवा सरकून टायर जमिनीला टेकतो तिथे, तळहाताएवढ्या जागेत आला आहे. ओल्या पानांवर जोरात ब्रेक मारणारे लोक मी बघते तेव्हा हे ओरडून सांगावंसं वाटतं.

अजून एक गोष्ट मनापासून सांगते. चिखलात पकड मिळते म्हणून चिखल नांगरायचा परवाना मिळत नाही. मागे वळून बघा. चाकामागे खोल चर पडत असेल तर वाट अजून भिजलेली आहे, परत फिरा. डबकं लागलं तर त्यातूनच जा. बाजूनं गेलं की वाट दर आठवड्याला वीतभर रुंद होते आणि कडेची झाडं उघडी पडतात. रात्री गोठल्यावर पहाटे जमीन कडक असते तेव्हा जाणं सगळ्यात बरं. ऊन चढलं की तीच माती लोण्यासारखी होते. मी दोनदा अर्ध्यातून परतले आहे.

तुमच्याकडे पानगळीतही जमीन कोरडी राहत असेल, किंवा वाटा बहुतेक कातळाच्या असतील, तर हा टायर घेऊ नका. पाचोळा, काळी माती, झाडीतले उतार असतील आणि गेली काही वर्षं तुम्हीही माझ्यासारखी सायकल कोपऱ्यात उभी करत असाल, तर पुढच्या चाकाला जरूर लावून बघा. मी तो पहिल्या कोरड्या महिन्यात उतरवीन. त्याआधी टेकडीच्या मागच्या अंगाला जिथे तीन वाटा फुटतात, त्यांतली उजवीकडची बघायची आहे. गेल्या रविवारी तिथपर्यंत पोचलो तेव्हा उन्हं पार तिरपी झाली होती, पानांच्या सावलीत वाट दिसेना, म्हणून मी आणि भाऊ तिथूनच वळलो. या वेळी तासभर आधी निघणार आहोत.